उसनवारी कशी म्हणावी?

रविवारच्या पुरवणीतील लेखात अमूर्त, म्हणजे ओळखीच्या आकृती न रेखाटणाऱ्या, चित्रकलेला ‘पश्चिमेची उसनवारी’ म्हटले आहे, ते पटले नाही. कान्डिन्स्की आणि पॉल क्ले या युरोपातील आधुनिक चित्रकारांची चित्रे १९२२ मध्येच कोलकात्यातील बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या प्रदर्शनात आली होती. पुढे नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांनी क्लेचा प्रभाव पूर्ण पचवला आणि रंगांच्या थरांतून स्वतःची, अत्यंत संयत अशी चित्रभाषा घडवली. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले, ते नकलेसाठी नव्हे. खंत वेगळीच आहे. आमच्या परभणी-हिंगोलीकडच्या मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत गायतोंडे क्वचितच भेटतात. कलाशिक्षकांनी त्यांची चित्रे वर्गात जरूर दाखवावीत.

– एक वाचक, परभणी