डोपामिनची दुसरी बाजू

मोबाइलच्या व्यसनावरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. डोपामिनला 'आनंदाचे रसायन' म्हणून लेखक मोकळे झाले. पण शरीराच्या हालचालीही त्यावरच अवलंबून असतात. ते बनवणाऱ्या मेंदूतील पेशी नष्ट होत गेल्या की कंपवात जडतो. या रसायनाचे कार्य उलगडणारे आर्विद कार्लसन २००० च्या नोबेलचे मानकरी होते.

व्यसनाशी खरा संबंध इथेच दिसतो. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या, डोपामिनसारखे काम करणाऱ्या प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो. घरचे त्याला म्हातारचळ समजतात, रुग्ण लाजेने गप्प राहतो. सांगली-मिरजेत उपचारांसाठी लांबून रुग्ण येतात. त्यामुळे गोळी लिहून देतानाच नातेवाइकांना याची कल्पना द्यावी. डॉक्टरांना वेळीच कळले तर मात्रा कमी करता येते. गोळी परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे.

– एक वाचक, सांगली