बाबांची स्कोपी चुकू न देणाऱ्या डॉक्टरांना

नमस्कार डॉक्टर,

ओपीडीत तुमच्यासमोर बसलं की मनातलं बोलायचं राहूनच जातं, बाहेर पेशंट ताटकळलेले असतात, म्हणून इथे लिहितोय.

२०१७ ला कॅन्सरमुळे बाबांची अन्ननलिका काढली आणि पोटाचीच (जठराची) नळी करून छातीतून वर मानेपर्यंत नेऊन जोडली. तेव्हापासून तीन उशा लावून झोपणं, दोन-दोन तासांनी चार घास खाणं, जरा आडवं झालं की घशाशी कडू पित्त, हे सगळं आमच्या अंगवळणी पडलं. पाच वर्षं झाली तसे पाहुणे म्हणायला लागले, सुटलात आता, कशाला दरवर्षी म्हाताऱ्या माणसाच्या घशात दुर्बीण घालता, आणि खरं सांगतो मलाही तसंच वाटायला लागलेलं. तुम्ही एकटे अडून बसलात, "पोट आहे ना अजून? त्यालाही कॅन्सर होऊ शकतो, स्कोपी चुकवायची नाही."

यंदा त्याच नळीत लालसर डाग सापडला, रुपयाच्या नाण्याएवढा. बाबांना त्रास काहीच नव्हता! बायोप्सी कॅन्सरची आली तेव्हा माझे हातपाय गळाले, परत छाती उघडणार, ही नळी काढून आतड्याची लावणार, ७३ व्या वर्षी कसं झेपणार. तुम्ही प्रिस्क्रिप्शनच्या मागे पोटाचे थर काढून दाखवलेत, डाग वरच्या अस्तरातच आहे, कॅन्सर आजूबाजूच्या गाठींमध्ये (लिम्फ नोड्समध्ये) गेला असायची शक्यता फार कमी, दुर्बिणीतूनच सोलून काढू. जपानी डॉक्टरांनी विकसित केलेली ही सोलून काढायची पद्धत, ईएसडी, मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

साडेतीन तास लागले. आत अरुंद बोळासारखी जागा, शेजारी जुन्या ऑपरेशनमधल्या स्टेपलरच्या टाक्यांची रेघ, तिथला थर इतका कडक झालेला की खाली निळं पाणी टोचूनही डाग नीट उचलत नव्हता, हे तुम्ही नंतर सांगितलंत. बाहेर आलात ते थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून बसवलेला तो तुकडा घेऊनच. डागाभोवती आधी मारलेले बारीक ठिपके तुम्ही बोटाने एकेक दाखवलेत, "हे सगळे तुकड्यातच आलेत, म्हणजे डाग पूर्ण आलाय." रिपोर्टमध्येही कडा आणि तळ दोन्ही क्लिअर!

सहाव्या दिवशी बाबा घरी आले, अंगावर एक नवीन टाका नाही. भाकरी दुधात कुस्करून खातात, तशीच, चार-चार घास. शुद्धीवर येईपर्यंत त्यांचा हात धरून बसलेल्या सिस्टरांनाही आमचा नमस्कार सांगा.

पुढच्या स्कोपीला येताना घरच्या गुऱ्हाळाची गुळाची ढेप आणतोय, बाबांनी स्वतः निवडून ठेवलीय, नाही म्हणू नका.