तेवीस खुर्च्या कशाला?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तू येतोयस हे वाचून जीव भांड्यात पडला, आणि पुढचं पान वाचून परत बाहेर आला. तुला धरून २३ जण, मोठ्या हॉटेलातला हॉल, एकच लांबलचक टेबल, आणि सगळ्यांचं बिल तू देणार! तुझी हौस मोठी, त्याला नाही म्हणणारा मी कोण? तरीही नाही म्हणतोय. फोनवर बोललो असतो तर तू मधेच तोडून "बरं बरं, बघू" म्हणाला असतास. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

आधी गेल्या गुरुवारचं सांगतो. आपल्या त्या जुन्या, घराजवळच्या छोट्या हॉटेलात आम्ही तिघं जेवलो. मी, वकील आणि मास्तर. हो, मास्तर. तू विचारलं होतंस ना, तो हल्ली कुणाला भेटत का नाही म्हणून? त्याचं उत्तर याच पत्रात आहे, जरा दमानं घे.

हॉटेल आहे तसंच आहे. सात टेबलं, खिडकीला तो जाड, जुनाट पडदा, गल्ल्यावर मालकीणबाई. मेनूकार्डावरची शुद्धलेखनाची चूकही जागच्या जागी आहे. मास्तरनं ती एकदा पेन्सिलीनं दुरुस्त केली होती, आठवतंय? मध्यंतरी नवी कार्डं छापली, त्यात ती पुन्हा सन्मानानं छापून आली. कोपऱ्यातलं आपलं टेबल अजून तितकंच अरुंद आहे, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. तू दर वेळी त्या टेबलावरून कुरकुर करायचास. त्या टेबलाचे उपकार मला आत्ता कळले, ते पुढे सांगतो. मालकीणबाईंनी चौथी खुर्ची हलवली नाही. तिच्यावर आम्ही पिशव्या ठेवल्या.

आता मास्तरचं. गेल्या वर्षी आम्ही अकरा जण एका मोठ्या हॉटेलात जमलो होतो. तू नव्हतास. गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती, उंच छत, पडदा म्हणून औषधाला नाही, आणि वरून गाणी लावलेली. वकील मास्तरच्या शेजारी बसला होता. जेवता जेवता त्यानं खालच्या आवाजात सांगितलं की भावाला दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टर म्हणतात फार आशा ठेवू नका. मास्तर त्याच्याकडे बघून मनापासून हसला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "झकास!"

मी समोर होतो. वकिलाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यानं घास खाली ठेवला, हात धुऊन आला आणि नंतर शेवटपर्यंत दुसऱ्याच बाजूला तोंड करून बसला. भाऊ पुढच्याच महिन्यात गेला. वकील मास्तरशी बोलेनासा झाला, आणि मास्तरला तर आपलं काय चुकलं हेच माहीत नव्हतं. आम्हीही कुणी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मलाही त्याचा रागच आला होता. पुढे पाच-सहा महिन्यांनी त्याच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी दारातच म्हणाल्या, "जरा समोर बसून बोला हं, त्यांना डाव्या कानानं जवळजवळ काही येत नाही." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो माणूस दोन-तीन वर्षं आपल्याला फक्त हसून आणि मान हलवून निभावत होता. पुढे पुढे तेही जमेना, म्हणून त्यानं यायचंच सोडलं.

मी त्यावर बरंच वाचलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, एक गोष्ट लागली की तिच्या मुळाशी जाऊन माती उकरायची. वयानं कान जातो म्हणजे रेडिओचा आवाज कमी करावा तसं सगळं हळू होत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते बरे ऐकू येतात. स, श, फ, त, च अशी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात आणि मुळातच क्षीण असतात. ती निसटली की 'साल', 'चाल', 'ताल' सगळं 'आल'च. आवाज येतो, शब्द येत नाही. आपण ओरडून बोललो की स्वरच मोठे होतात आणि माणूस जास्तच गोंधळतो. कानाला यंत्र लावलं तरी हॉटेलात पंचाईत सुटत नाही, कारण ते तुझा आवाज वाढवतं तसा पलीकडच्या टेबलावरचा चमचाही वाढवतं. दहा जण एकदम बोलत असताना त्यातला एकच आवाज आपण कसा पकडतो, या प्रश्नाचा अभ्यास कॉलिन चेरी या शास्त्रज्ञानं १९५३ साली मांडला. दोन्ही कान शाबूत असले की मेंदू दोन्हींकडून आलेलं ताडून बघतो आणि नको ते बाजूला सारतो. मास्तरचा एक कान गेला, म्हणजे ताडून बघायला साक्षीदारच उरला नाही.

आणि मोठ्या हॉटेलातला गोंगाट कुणी मुद्दाम करत नाही, ही त्यातली गंमत. एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं १९११ मध्ये लिहून ठेवलंय की भोवती आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही आवाज चढवतो. शेजारचं टेबल चढलं की आपण चढतो, आपण चढलो की ते आणखी चढतं. काच आणि फरशी तो सगळा आवाज परत आपल्याच अंगावर फेकतात. आपल्या हॉटेलातला तो कळकट पडदा, ज्याला तू 'ऐतिहासिक वास्तू' म्हणायचास, तो निदान थोडा आवाज गिळतो तरी. शिवाय गोंगाटात जिभेलाही गोड आणि खारट कमी जाणवतं, असं प्रयोगात आढळलंय. म्हणजे तू बिल भरणार त्या जेवणाचं आणि पाहुणे म्हणणार, जरा अळणीच होतं!

आता अरुंद टेबलाकडे येतो. बोलणाऱ्यापासूनचं अंतर निम्मं केलं की त्याच्याकडून थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. वकील आणि मास्तर एकमेकांपासून हातभर अंतरावर होते. मास्तरची पाठ भिंतीला, त्यामुळे मागून काही येत नव्हतं. वरचा दिवा वकिलाच्या तोंडावर, त्यामुळे ओठ दिसत होते. यातलं काही योगायोगानं झालं असं समजू नकोस. मी आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन त्या टेबलावर एकटाच तीन खुर्च्या बदलून बसलो होतो. मालकीणबाईंना वाटलं असेल, याचं काहीतरी बिघडलंय. कारण सांगितलं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पण गुरुवारी गेलो तर रेडिओ बंद होता, आणि भांडी घासायच्या बाजूचं दार लावून घेतलेलं.

ऑर्डर देताना जुनाच तमाशा. मास्तरनं पहिल्यांदा सांगून टाकलं, कारण त्याला आम्ही काय सांगतोय याची वाट बघायचीच नव्हती. वकिलाला तेच हवं होतं, पण "सगळे तेच कसं घेणार" म्हणून त्यानं भलतंच मागवलं आणि मग जेवणभर मास्तरच्या ताटात डोळा. २००० साली दोन संशोधकांनी यावरही प्रयोग केलाय बरं का! टेबलावर एकामागून एक मोठ्यानं ऑर्डर दिली की पुढची माणसं मुद्दाम वेगळं मागवतात आणि नंतर त्यांची समजूत पटत नाही. सगळ्यात सुखी पहिला. मी हे वकिलाला सांगितलं. तो म्हणाला, "हे कळायला प्रयोग कशाला, मला विचारायचं."

पहिला अर्धा तास अवघडच गेला. दोघंही माझ्याशी बोलत होते, एकमेकांशी नाही. मी मधे बसून दुभाष्यासारखा मान फिरवत होतो. मग सूप आलं, वाफाळतं. मास्तरचा चष्मा धुकटला, तो पुसायला त्यानं काढला, आणि वकील एकदम म्हणाला, "मागच्या वेळी तू हसलास तेव्हा मी भावाबद्दल सांगत होतो."

मास्तरनं चष्मा घाईघाईनं चढवला आणि म्हणाला, "परत सांग."

वकिलानं परत सांगितलं. पहिल्यापासून. दवाखाना, रिपोर्ट, ती रात्र, सगळं. मास्तर त्याच्या ओठांकडे बघत होता, विद्यार्थी फळ्याकडे बघतात तसा. दोनदा त्यानं मधे थांबवलं, "हे नाही कळलं," म्हणाला, आणि वकिलानं न वैतागता ते वाक्य पुन्हा म्हटलं. कोर्टात पुन्हा विचारलं तर हाच माणूस अंगावर जातो! सूप निवून गेलं. मालकीणबाई आल्या, बघितलं, काही न बोलता वाट्या उचलून नेल्या आणि गरम करून परत आणून ठेवल्या. मोठ्या हॉटेलात हे कुणी केलं असतं? तिथे "झालं का सर?" म्हणून दर पाच मिनिटांनी डोकावून गेले असते.

मास्तर शेवटी काय म्हणाला ते लिहीत नाही. ते त्या दोघांचं आहे.

आता तुझ्या २३ जणांकडे वळू. तूच हिशेब कर. रॉबिन डन्बार हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोक गप्पा मारताना कसे गट पडतात ते मोजलं होतं. एका गप्पेत साधारण चार माणसं टिकतात. पाचवा आला की थोड्या वेळात गप्पा फुटतात, दोन गट होतात. म्हणजे तुझ्या त्या लांब टेबलावर कमीत कमी सहा बैठका भरणार, आणि तू मधोमध बसून सहाही बैठकींतलं अर्धं अर्धं ऐकणार. आपली चौकडी इतकी वर्षं का टिकली याचं मी उगाच मोठं काव्य करायचो. कदाचित चौघं होतो म्हणूनच टिकली असेल.

आणखी एक. 'रेस्टॉरंट' हा शब्द मुळात जेवायच्या जागेचा नव्हताच. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये तो ताकद भरून आणणाऱ्या गरम सूपचा होता. त्याआधी प्रवासी सराईत जायचे, ठरलेल्या वेळी एकाच लांब टेबलावर, यजमान वाढेल ते, अनोळखी शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लावून जेवायचे. वेगळं छोटं टेबल, आपल्या वेळेला, आपल्या आवडीचं, ही सोय मग आली. माणसांनी एवढी धडपड करून लांब टेबलातून सुटका करून घेतली आणि तू सगळ्यांना परत तिथेच नेऊन बसवतोयस!

बिल तू देणार हेही मला रुचलेलं नाही. पैसे वाचवायचा सल्ला देत नाही, पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: स्वतःचं बिल स्वतः द्यायचं असलं की माणूस बेतानं मागवतो, सारखं वाटून घ्यायचं असलं की जास्त, आणि दुसरा देणार असला की सर्वात जास्त. वकिलाला हा प्रयोग मी मुद्दामच सांगितलेला नाही.

तर माझं म्हणणं असं. तू दहा दिवस आहेस. तुला सोडून २२ जण. रोज संध्याकाळी तिघांना बोलव, सात संध्याकाळी २१ होतात. एक उरतो, त्याला सकाळी कॉफीला भेट. कोण उरवायचा ते तू ठरव, मला माझं मत विचारू नकोस, नाहीतर मी खरंच सांगेन. आणि पहिली संध्याकाळ आमची. ती मी मालकीणबाईंना सांगून ठेवलीय, तुझी तारीख कळली की नक्की करतो. "चौथे येणार का?" एवढंच त्यांनी विचारलं.

बसायचं कसं तेही आत्ताच सांगून ठेवतो, ऐनवेळी खुर्च्यांची ओढाताण नको. मास्तर भिंतीशी. वकील समोर, दिव्याखाली. तू मास्तरच्या उजवीकडे, त्या कानानं त्याला बरं ऐकू येतं आणि तुझं त्याला वर्षभराचं ऐकायचंय. बोलताना तोंडासमोर हात धरायची तुझी सवय तेवढी सोडून ये. डावीकडची खुर्ची मी घेतो. मला तसंही फार महत्त्वाचं काही बोलायचं नसतं.

तारीख लगेच कळव.

तुझा,
पिशव्यांवाल्या खुर्चीचा राखणदार