मंत्रिमहोदय, उत्खननातली हाडे फेकू देऊ नका

माननीय पुरातत्त्वमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

मध्ययुगात गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजघराण्याचे नाव आपल्या बसगाड्यांवर रोज गावोगाव फिरते. त्यांच्या काळातली रयत काय खात होती, गुरे किती वर्षे पोसत होती, हे मात्र ताम्रपट सांगत नाहीत. ते सांगतात जनावरांची हाडे. कदंबांची जुनी राजधानी असलेल्या चांदरला १९२९ साली इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी उत्खनन केले. तिथला शीर तुटलेला दगडी नंदी सर्वांना ठाऊक आहे. शेतात राबणाऱ्या खऱ्या बैलाची चौकशी कोणी करायची? आयुष्यभर ओढकाम केलेल्या बैलाच्या पायाची हाडे खुराकडे रुंदावतात, सांध्यांवर गाठी येतात. दाढांच्या झिजेवरून वय काढता येते.

जुवारी नदीकाठच्या गोपकपट्टणात, म्हणजे कदंबांच्या बंदरात, तर घोड्यांचे दात शोधायला हवेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत अरबस्तानातून समुद्रमार्गे घोडे उतरत. १५१० नंतर पोर्तुगीजांनी याच व्यापारावर हात ठेवला. दाताच्या बाहेरच्या कठीण थरातील स्ट्राँशियम, म्हणजे चाऱ्या-पाण्यातून अंगात उतरणारे मूलद्रव्य, तपासले, की ते जनावर शिंगरू असताना कुठल्या मुलखात चरले, याचा माग लागू शकतो.

अडचण आपल्या मातीची आहे. जांभ्याची आम्लधर्मी माती आणि वर चार महिन्यांचा पाऊस, यात हाड विरते. शिंपल्यांच्या किंवा चुन्याच्या सान्निध्यात ते टिकण्याची शक्यता जास्त. म्हणजे जे हाती लागेल ते आधीच थोडके, आणि तेही नाणी-मूर्तींच्या नादात मातीबरोबर ढिगाऱ्यावर जायचे!

म्हणून विनंती आहे. राज्यात उत्खननाला परवानगी देताना माती बारीक चाळणीतून, पाण्याने धुऊन काढण्याची अट घाला. नुसत्या डोळ्यांनी वेचले तर गुरांची हाडे मिळतात, तारल्या-बांगड्यांचे काटे निसटतात. मग गोव्याच्या इतिहासातून मासळीच गायब! प्रत्येक तुकड्याबरोबर खड्डा आणि थर यांची नोंद हवी, नाहीतर ते नुसते हाड. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हाडांवरून इतिहास वाचण्याच्या या विद्येची जुनी परंपरा आहे. आपली मुले तिथे शिकायला पाठवा आणि परतल्यावर त्यांना खात्यात पद द्या. ओळख पटवायला आजच्या जनावरांचे, माशांचे सांगाडेही जमवावे लागतील. शेळी की मेंढी, हे ओळखताना जाणकारही अडतात.

एक भीती बोलूनच टाकतो. हाडांवर सुरीचे वण दिसले, की कोण काय खात होते यावर आजची भांडणे सुरू होतील. त्या भीतीने अहवाल कपाटात ठेवू नका. जे निघेल ते छापा, मराठीत आणि कोंकणीतही.

आपला,
एक गोमंतकीय शिक्षक