रोकडवही कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला सरपंचांच्या प्रशिक्षणाची बातमी कालच्या अंकात वाचली. ‘महिलांनी न घाबरता कारभार करावा’ हा प्रमुख पाहुण्यांचा सल्ला तुम्ही ठळक छापला आहे. आम्ही घाबरतो असं यांना कुणी सांगितलं? आम्हाला नमुना 5, म्हणजे ग्रामपंचायतीची रोकडवही, वाचायला कुणी शिकवलेलं नसतं.

मी पाच वर्षं सरपंच होते. निवडून आल्यावर तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिला दिवस उद्घाटनात आणि सत्कारात गेला. दुसऱ्या दिवशी आत्मविश्वासावर व्याख्यानं. 73वी घटनादुरुस्ती, 1993 पासूनचं एक तृतीयांश आरक्षण, 2011 मध्ये महाराष्ट्रानं ते 50 टक्के केलं, हे सगळं फळ्यावर लिहून दिलं. हिशेबाचा तास तिसऱ्या दिवशी जेवणानंतर ठेवला आणि प्रमाणपत्रं वाटायची म्हणून वीस मिनिटांत उरकला. रोकडवहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक जुळली नाही तर काय करायचं, असं मी हात वर करून विचारलं. ‘ते तुमचे ग्रामसेवक बघतील, ताई.’

ग्रामसेवक बघत राहिले, मी सह्या करत राहिले. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. दिवाबत्तीच्या सामानाचं बिल दिलेलं होतं, साठा नोंदवहीत नोंद नव्हती. वसुलीची नोटीस दोघांच्या नावे आली. ताईंना हे शिकवलंच नव्हतं, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. माझा वाटा मी बचत गटातून कर्ज काढून भरला. मग शेजारच्या गावच्या एका निवृत्त ग्रामसेवकांकडे दर रविवारी जाऊन बसले. दोन महिन्यांत सगळ्या वह्या वाचता यायला लागल्या. त्यात अवघड काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त संताप येतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर तो खर्च कागदावर होत होता आणि खाली सही माझी होती.

आता वित्त आयोगाचा पैसा डिजिटल सहीनं निघतो. सरपंचबाईंच्या सहीचा डोंगल नवऱ्याच्या खिशात असतो, नाहीतर संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये. नुसतं सरपंचपतींना नावं ठेवून काय होणार? बाईला संगणकासमोर बसवा, बिल मंजूर करण्याआधी काय काय तपासायचं ते तिच्याच ग्रामपंचायतीच्या दप्तरावर दाखवा. पहिल्या मासिक सभेच्या आधी दाखवा, आणि लेखापरीक्षण झालं की पुन्हा या. शेवटच्या एसटीकडे डोळे लावून तालुक्याच्या सभागृहात बसलेल्या बाईच्या डोक्यात काही शिरत नाही. मी तशी बसले आहे.

आणखी एक. बातमीसोबतच्या फोटोत व्यासपीठावरच्या सातही पुरुषांची नावं, हुद्द्यांसकट आहेत. प्रशिक्षण जिच्यासाठी, त्या एकाही सरपंचाचं नाव नाही. त्यांच्या फक्त पाठी दिसतात. त्यातल्या दोघींना मी पाठमोऱ्याही ओळखलं. गेल्या महिन्यात त्या माझ्याकडे येऊन नमुना 5 शिकून गेल्या. त्यांची नावं छापणार असाल तर त्यांना विचारून कळवते.

आपली,
एक माजी सरपंच