हाड जुळलं म्हणून इंजेक्शन थांबवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या सासूबाई मोरीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. वय 71. प्लास्टर घातलं, सोबत टेरिपॅराटाइड या औषधाचं, इंजेक्शन टोचायचं पेन लिहून दिलं. "हाड लवकर जुळायचं इंजेक्शन आहे, रोज एक घ्या," एवढंच सांगितलं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही, हे औषधाच्या दुकानात कळलं. रोज रात्री जेवणं आटोपली की त्या डाव्या हाताने पोटाची चिमूट धरून बसायच्या आणि "टोच गं, आवर लवकर" म्हणायच्या. एक पेन 28 दिवसांचं, खर्च हजारांत. दोन पेनं संपली, प्लास्टर निघालं, एक्स-रे चांगला आला. हाड जुळलं, मग आता कशाला टोचायचं, म्हणून आम्ही बंद केलं. कुणी अडवलं नाही.

यंदा फेब्रुवारीत पाण्याची कळशी उचलताना त्यांच्या पाठीत अशी कळ आली की त्या जागीच बसल्या. मणका दबला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी जुने कागद चाळून आधी एकच विचारलं, "डेक्सा कधी केली?" हाडांची घनता मोजणारी ती तपासणी कधी झालीच नव्हती.

त्यांनी मग नीट समजावलं. आपल्या गळ्यात थायरॉइडच्या मागे मसुरीएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांचा हार्मोन रक्तात सतत जास्त राहिला तर हाडं झिजतात; तोच दिवसातून एकदा, थोडा वेळ मिळाला तर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणून रोज एकच टोचणी. टेरिपॅराटाइड हा त्याच हार्मोनचा तुकडा, 84 पैकी पहिली 34 अमिनो आम्लं. अमेरिकेत त्याला 2002 साली मान्यता मिळाली ती ठिसूळ हाडांसाठी, मोडलेलं हाड लवकर जुळावं म्हणून नव्हे. तोही प्रयत्न झालाय. मनगट मोडलेल्या, पाळी गेलेल्या 102 स्त्रियांवरचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाविना हाड जुळायला साधारण 9.1 आठवडे लागले, रोज 20 मायक्रोग्रॅमवर 7.4. पण दुप्पट मात्रेवर 8.8, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. एवढ्या आधारावर ते 'हाड जुळवायचं इंजेक्शन' कसं ठरतं?

माझी तक्रार औषधाबद्दल नाही. सासूबाईंना ते हवंच होतं. उभ्या उभ्या घसरून मनगट मोडतं, तेव्हा हाडं ठिसूळ झाल्याची शंका घ्यायलाच हवी. चुकलं ते सांगण्यात. जुळण्यासाठी म्हणून दिलं, तर जुळल्यावर माणूस बंद करणारच. खरं तर हा कोर्स लांबचा, साधारण दोन वर्षांपर्यंतचा, आणि तो संपल्यावर मिळवलेली घनता टिकवायला दुसरं औषध घ्यावं लागतं. नाही तर ती पुन्हा उतरते. आम्हाला यातला एक शब्दही माहीत नव्हता.

हे इंजेक्शन सगळ्यांना चालतंही नाही. रक्तात कॅल्शियम जास्त असेल किंवा हाडांवर पूर्वी रेडिएशन झालं असेल तर देत नाहीत. मुतखडा असेल तर आधी डॉक्टरांना सांगायला हवं. आम्हाला यातलं काहीच विचारलं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: पन्नाशीपुढच्या बाईचं हाड साध्या पडण्याने मोडलं, तर प्लास्टर घालून घरी पाठवू नका, डेक्साची चिठ्ठी द्या. जिल्हा रुग्णालयांत हे यंत्र असावं आणि चालू असावं, ही मागणी सरकारकडे. इंजेक्शन लिहिताना ते कशासाठी, किती महिने आणि नंतर काय, हे मराठीत केसपेपरवर लिहा. आमच्या कागदावर तारीख होती, मात्रा होती. 'किती दिवस' हे मात्र कुठेच नव्हतं.

आपली,
एक वाचक, सातारा