रेकॉर्डब्रेक विक्री, पण नक्की कुठली विक्री?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नव्या डिझाइनच्या लॅपटॉपवर लोकांच्या कशा उड्या पडतायत, रेकॉर्डब्रेक बुकिंग झालंय वगैरे अर्धं पान भरून बातमी होती. दोनदा वाचली, कारण आकडा शोधत होतो. एकही नाही! नुसतं ‘अपेक्षेपेक्षा जास्त प्रतिसाद’. अहो पण कोणाच्या अपेक्षेपेक्षा?

मी बावीस वर्षं कॉम्प्युटरच्या डिस्ट्रिब्युटरकडे काढली, आधी मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि मग पुण्यात, त्यामुळे विक्री म्हटलं की आमच्यासारखा माणूस पहिलं विचारतो, प्रायमरी का सेकंडरी? कंपनीने डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात मारली ती प्रायमरी, आम्ही दुकानदाराला दिली ती सेकंडरी, आणि गिऱ्हाईक पैसे देऊन खोका घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरलं की ती खरी. एका कंपनीचं (नाव जाऊ दे) नवीन पातळ मॉडेल आलं होतं तेव्हा ३० मार्चला रात्री साडेदहाला दोन टेम्पो आमच्या गोडाऊनला लागले, ऑर्डर आम्ही दिलीच नव्हती, मागोमाग एरिया मॅनेजरचा फोन की शेठ टार्गेटला थोडं कमी पडतंय, बिल घ्या, एप्रिलमध्ये बघू काय ते. बिलं ३१ च्या आत फाडली, कंपनीच्या प्रेसनोटमध्ये मॉडेल हिट, आणि इकडे गणपती आले तरी खोके रॅकवर तसेच, वरच्या प्लॅस्टिकवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. शेवटी बॅग नि माऊस फुकट देऊन घालवले. आयडीसी आणि गार्टनर या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कंपन्यांचे दर तिमाहीला जे आकडे छापून येतात ते पण शिपमेंटचे अंदाज असतात बरं का, म्हणजे कंपनीकडून निघालेला माल, गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेला नव्हे. त्यात दोघांचे आकडे जुळत नाहीत, कारण कितीतरी वर्षं एक जण क्रोमबुक (गूगलच्या सिस्टिमवर चालणारे लॅपटॉप) धरायचा आणि दुसरा धरायचा नाही.

आता ॲपलचं उदाहरण घ्या, जुनं आहे पण त्यातले आकडे उघड आहेत. २७ ऑक्टोबर २०१६ ला त्यांनी मॅकबुक प्रो नव्या रूपात आणला, महागड्या मॉडेलांत वरची फंक्शन कीची ओळ काढून टच बार (बोटाने चालणारी स्क्रीनची पट्टी), यूएसबी-सी सोडून जवळजवळ सगळे पोर्ट गायब. लोकांनी शिव्या घातल्या. आठवडाभरात ॲपलचे तेव्हाचे मार्केटिंग प्रमुख फिल शिलर म्हणाले की आमच्या ऑनलाइन स्टोअरवर याआधीच्या कुठल्याही प्रो नोटबुकपेक्षा याच्या ऑर्डरी जास्त आल्यात. खोटं नसेलच ते, पण आधीचं मोठं डिझाइन २०१२ चं, माणसं चार वर्षं थांबलेली, मग पहिल्या दिवसांत गर्दी होणारच ना. लगेच स्लाइस इंटेलिजन्स नावाच्या बाजार-अभ्यास कंपनीने अमेरिकेतल्या ऑनलाइन खरेदीच्या ईमेल पावत्या चाळून काढलं की पाच दिवसांत याने १२ इंची मॅकबुकच्या पहिल्या पाच दिवसांच्या सातपट कमाई केली. सातपट, बाप रे. पण कमाई हां, नग नाही. १२ इंची १२९९ डॉलरपासून, टच बारवाला १७९९ पासून. आणि तुलना कोणाशी, तर एकच पोर्ट असलेल्या छोट्या मशीनशी.

मग त्या म्हणजे ऑक्टोबर-डिसेंबर २०१६ च्या तिमाहीचा रिझल्ट आला. मॅक विकले ५३ लाख ७४ हजार, आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ५३ लाख १२ हजार. उत्पन्न ७.२४ अब्ज डॉलर, मॅकचा तोवरचा रेकॉर्ड, हेडलाइनला एवढं बास. पण ती तिमाही १४ आठवड्यांची होती आणि आदल्या वर्षीची १३ ची! भागाकार करा, आठवड्याला ४ लाख ९ हजारांवरून ३ लाख ८४ हजारांवर आले की. आणि त्याच्या आधीच्या तिमाहीत आदल्या वर्षीच्या ५७ लाख ९ हजारांचे ४८ लाख ८६ हजार झाले होते, लोक नव्याची वाट बघत थांबलेले. आपल्याकडे पाडव्याला गाडी घ्यायची म्हणून लोक फाल्गुनात थांबतात आणि मग शोरूमवाला पाडव्याचं रेकॉर्ड सांगतो, तसंच ते. दोन्ही तिमाही मिळून पाहिल्या तर आदल्या वर्षापेक्षा साडेसात लाख मशीन कमीच.

म्हणजे आपटला असंही मी म्हणत नाहीये. टच बारची मशीन नोव्हेंबरच्या मध्यापासून हातात पडायला लागली, माल कमी होता, लोक आठवडे मोजत बसले होते. जानेवारी ते मार्च २०१७ मध्ये नग ४ टक्के आणि उत्पन्न १४ टक्के वाढलं, ते मला जास्त खरं वाटतं, कारण तोवर नव्याची नवलाई ओसरलेली असते. अर्थात हे सगळे आकडे सगळ्या मॅकचे, एकट्या नव्या मॉडेलचा वेगळा आकडा त्यांनी तेव्हाही दिला नव्हता. आणि कीबोर्डच्या कटकटी तर कुठल्याच आकड्यात दिसल्या नाहीत, त्यासाठी जून २०१८ मध्ये कंपनीला फुकट दुरुस्तीची स्कीम काढावी लागली.

एवढं जुनं उकरून काढतोय कारण नोव्हेंबर २०१८ मध्ये ॲपलने सांगून टाकलं की यापुढे नग सांगणार नाही, फक्त उत्पन्न. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक म्हणाले की दुकानात गिऱ्हाइकाच्या ट्रॉलीत किती वस्तू आहेत याने काय फरक पडतो, एकूण किंमत बघा. दुकानदार म्हणून पटतं हो. पण बातमीदाराने त्यावर ‘विक्रमी विक्री’ कसं लिहायचं?

आमच्या धंद्यात एकच खूण होती, रिपीट ऑर्डर. स्कीम नाही, फोन नाही, आणि तरी दुकानदार स्वतःहून म्हणतोय की अजून दहा पाठव, तर समजायचं माल चालतोय. तुमच्या बातमीदाराने एखाद्या दुकानात जाऊन एवढं जरी विचारलं असतं तरी त्या अर्ध्या पानापेक्षा जास्त कळलं असतं.

आणि हो, बातमीखाली ग्राफ होता, एक बुटका खांब, एक उंच खांब, बाजूला ना आकडा ना वर्ष. ते खांब कशाचे होते तेवढं कळवा.

आपला,
एक जुना वाचक, चिंचवड